हौद गळत नव्हता

सांगलीहून नांदेडला भर उन्हाळ्यात हौसेनं कुणी जात नाही. मीही गेलो नसतो. पण चैत्रात एका गावच्या सरपंचाचा फोन आला.

"साहेब, मी माधवराव बोलतो. लातूर जिल्हा नवा झाला तवा तुम्ही आमच्याकडं विस्तार अधिकारी होता ना? तवापासून आमची ग्रामपंचायत बिनविरोध हाय. मतदान म्हणून आजवर झालं न्हाई. ही परंपरा तुम्ही चालू करून दिली. तुमचा सत्कार करायचाय."

मी लगेच हो म्हणालो. त्याला वाटलं मला आनंद झाला. खरं म्हणजे त्या गावात मला सटवाजी नावाच्या माणसाला भेटून एक गोष्ट सांगायची होती, आणि ती मी पस्तीसेक वर्षं टाळत आलो होतो. आता पंचाहत्तरी ओलांडली. आणखी टाळली असती तर टाळायलाही कुणी उरलं नसतं. गावाचं नाव इथं लिहीत नाही. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांच्या शिवेजवळ ते आहे, एवढं वाचणाऱ्याला पुरे. तिथल्या लोकांना तिथं राहायचं आहे.

नांदेड

स्टेशनवर रशीदभाई घ्यायला आले होते. त्या वेळच्या दुष्काळात पंचायत समितीचा टँकर ते चालवायचे. आता दाढी पांढरी झाली आहे, ऐकायला कमी येतं, त्यामुळे आवाज वाढला आहे. जुन्या ओळखीच्या लोकांत माझ्याशी फोनवर संबंध ठेवणारे तेवढेच.

पुलावरून गोदावरी दिसली. पात्रात खडक उघडे पडले होते आणि खडकांवर कुणी गोधड्या वाळत घातल्या होत्या. कडेला डबकं होतं, त्यात म्हशी. आमची कृष्णा उन्हाळ्यात रोडावते, पण वाहते. आमच्याकडं दोन म्हातारे बसले की पुराच्या गोष्टी निघतात. इथं टँकरच्या.

रशीदभाईंच्या घरी न्याहारीला सुशीला केली होती. मुरमुरे भिजवून पोह्यांसारखी फोडणी द्यायची, वर दाण्याचं कूट. सांगलीत मुरमुऱ्यांचं भडंग होतं, ते कुरकुरीत राहावं म्हणून डब्यात जपतात. इकडं ते पाण्यात घालतात हे नोकरीच्या पहिल्या वर्षी मला सहन व्हायचं नाही. नंतर सवय झाली आणि निवृत्त होऊन घरी गेल्यावर मी बायकोकडं सुशीलाच मागायचो.

"साहेब, सत्कारासाठी एवढ्या उन्हात येऊन राहिले तुम्ही," रशीदभाई म्हणाले. "शाल तर त्यांनी पोस्टानं पण पाठवली असती."

"रशीदभाई, बुद्धवाड्यातला हौद आठवतो?"

"हाव. तुम्ही म्हणाले होते, हौद गळतो, तिथं पानी सोडू नका, सगळं गावच्या विहिरीत टाका. आठ-दहा दिवस टाकलं. मंग दुरुस्त झाला."

"गळत नव्हता."

ते माझ्याकडं बघत राहिले. त्यांना ऐकू गेलं नसेल असं वाटून मी पुन्हा मोठ्यानं म्हणालो. आतून त्यांची सून डोकावून गेली.

आता वाचणाऱ्याला सगळं सांगतो. तेव्हा जिल्हा नवा होता. कचेऱ्या उसन्या इमारतींत होत्या, खुर्च्या कमी होत्या आणि नव्या जिल्ह्याचं नाव करायचं असं वरपासून खालपर्यंत सगळ्यांच्या डोक्यात होतं. बिनविरोध निवडणूक झालेल्या गावांचं मोठं कौतुक व्हायचं, आणि माझ्या हद्दीतलं एक तरी गाव तसं असावं अशी मला घाई होती. या गावात सगळं जमत आलं होतं. फक्त सटवाजीनं अर्ज भरला होता. तो बौद्ध. राखीव जागेवर उभा राहिला असता तर पाटलांना चाललं असतं. त्यानं खुल्या जागेवर भरला. त्या जागेवर पाटलांचा भाऊ होता.

दुष्काळामुळं टँकर रोज यायचा. अर्धं पाणी गावच्या विहिरीत, अर्धं बुद्धवाड्यातल्या सिमेंटच्या हौदात. गावच्या विहिरीवर तेव्हा बुद्धवाड्यातल्या बायांना शेंदू देत नसत. कायदा काही का असेना. पाटील मला चहा पाजून म्हणाले, "साहेब, टँकर दोन ठिकाणी कशाला थांबवता? डिझेल जातं. सगळं विहिरीत सोडा. गाव एकच हाय ना?" त्यांनी पुढं काही म्हटलं नाही. मला विचारायची गरज पडली नाही. मी रशीदभाईंना सांगितलं की हौद गळतो.

बुद्धवाड्यातल्या बाया घागरी घेऊन विहिरीपासून लांब उभ्या राहायच्या. गावातलं कुणी शेंदून वरून ओतलं तर मिळायचं. ओतणारं कुणी नसलं तर उन्हात थांबायचं. सटवाजीनं माघार घेतली. देवळापुढं गाव जमलं आणि मी त्याला माझ्या हातानं फेटा बांधला. भाषण केलं की या गावात वरचा-खालचा असा भेद नाही. दुसऱ्या दिवशी रशीदभाईंना सांगितलं, हौद दुरुस्त झाला, आता पहिल्यासारखं दोन्हीकडं.

"म्हंजे मला काही माहीत नव्हतं," रशीदभाई म्हणाले.

"नव्हतं."

"ते तुम्हाला ठाऊक. त्या बायांना काय? टँकर तर माझाच होता. शिव्या मला पडल्या." त्यांनी बशी बाजूला सारली. "मी येतो तुमच्यासंगं. पोराची व्हॅन हाय."

लोह्याच्या पुढं

वाटेत लोह्याच्या पुढं व्हॅनचं इंजिन तापलं. बॉनेट उघडलं तर रेडिएटर कोरडा. समोर एक हॉटेल होतं, म्हणजे पत्र्याची शेड आणि दोन बाकडी. मालकाकडं पाणी मागितलं.

"चहा घ्या, भजे घ्या," तो म्हणाला. "पानी सोडून काय बी मागा."

"अरे बेटा, गाडीला चहा पाजू का?" रशीदभाई म्हणाले.

"चाचा, गाडीला पाजलं तर चहा कशाचा करू?"

शेवटी आमच्या पिण्याच्या बाटल्या आम्ही रेडिएटरमध्ये ओतल्या आणि तोंड कोरडं ठेवून पुढं निघालो. त्याआधी चहा मात्र दोनदा घ्यावा लागला, कारण त्याच्या चहात पाणी होतं.

बाकड्यावर उदगीरच्या बाजूचे दोन जण बसले होते. त्यांचं चाललं होतं की उदगीर वेगळा जिल्हा व्हायला पाहिजे. एक म्हणाला, जिल्हा झाला की सगळं जागच्या जागी मिळतं. दुसरा म्हणाला, "लातूरला काय मिळालं? रेल्वेनं पानी आणून राहिले तिथं." त्या उन्हाळ्यात लातूर शहराला खरोखरच रेल्वेनं पाणी येत होतं. नव्या जिल्ह्यावरून माणसं हिरीरीनं बोलतात हे मी तेव्हाही ऐकलं होतं. शब्दही तेच होते.

अहमदपूरकडं जाताना दोन्ही बाजूंना काळी रानं भेगाळलेली. बाभळीच्या सावलीला जनावरं उभी. मधूनच एखाद्या शेतात बोअर पाडायची गाडी, तिच्याभोवती पांढरी धूळ आणि गप्प उभी माणसं.

गाव

गाव ओळखू आलं नाही. सिमेंटचा रस्ता, मोबाइलचा मनोरा, शाळेला दुसरा मजला. बुद्धवाडा आणि गाव यांच्यामध्ये पूर्वी मोकळी जागा होती, तिथं आता दुकानं आहेत. एका दुकानाबाहेर दोन्हीकडची माणसं एकाच बाकावर बसून एकसारख्याच कपबश्यांतून चहा पीत होती. गावच्या विहिरीवर टँकर उभा होता आणि सगळ्यांचे पाइप एकमेकांत गुंतलेले. भांडण होतं, पण ते पाइपांचं होतं. हे बघून मला आधी बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, असंही वाटलं की आता जुनं उकरायची गरजच काय.

माधवराव चाळिशीचा, पाटलांचा नातू. अदबशीर. हातपाय धुवायला अर्धी बादली पाणी दिलं, त्या दिवसांत ते फार होतं. धपाटे, दही, ठेचा असं जेवण. वाढता वाढता म्हणाला, "शेजारच्या गावात निवडणुकीपायी डोकी फुटली, साहेब. भाऊ भावाशी बोलत न्हाई. आमच्याकडं पोलीस येत न्हाई. देवळात बसतो, ठरवतो, ज्यानं माघार घेतली त्याला फेटा बांधतो. बाई असली तर साडी. हे तुमचंच देणं."

हे खोटं नव्हतं. फुटलेली डोकी मीही नोकरीत पाहिली आहेत.

"उद्या कुणाला फेटा?" मी विचारलं.

"फेटा न्हाई, साडी. सटवाजीबाबाची नातसून हाय, सुजाता. खुल्या जागेवर अर्ज भरला तिनं. बाहेरची हाय ना, बिलोलीकडची, इथली रीत तिला म्हाईत न्हाई. परवा माघारीची शेवटची मुदत. म्हटलं, साहेब येऊन दोन शब्द बोलले, तिच्या आज्यासासऱ्यानं कसं मोठं मन दाखवलं ते सांगितलं, तर ऐकल."

मी हातातला घास खाली ठेवला. सत्कार कशासाठी होता ते तेव्हा कळलं.

संध्याकाळी रशीदभाईंना घेऊन सटवाजीच्या घरी गेलो. स्लॅबचं घर, दारात शिलाई मशीन, मशीनवर सुजाता. तिशीची असेल. तिनं कात्री ठेवली आणि सरळ विचारलं, "साडी कोणत्या रंगाची हाय, काका? तुम्ही बघितली असल."

सटवाजी खाटेवर बसला होता. वाळलेला, पण डोळे तेच. मला बघून उठू लागला.

"जय भीम, साहेब. बसा, बसा. सुजाता, खुर्ची दे. ह्योच तो साहेब. लई चांगला माणूस. त्याचा काय दोष न्हवता. पाटलानं त्याला हौद गळतो म्हणून फसवलं, अन् ह्यानं इश्वास ठिवला. म्या सगळ्यास्नी सांगत आलो, साहेबाला म्हाईत न्हवतं."

प्रवासभर मी वाक्यं जुळवत आलो होतो. ती सगळी निसटली. मी म्हणालो, "सटवाजी, मला माहीत होतं. हौद गळतो हे पाटलांनी सांगितलं नव्हतं. ते मी रचलं. तुम्ही माघार घ्यावी म्हणून."

तो उठण्याच्या बेतात होता तो तसाच थांबला, मग हळूच खाली बसला.

"तुमाला म्हाईत व्हतं."

"होतं."

"फेटा बांधला तवा बी?"

"तेव्हाही."

मी हात जोडून माफी मागितली, तर त्यानं मान दुसरीकडं वळवली. माझ्याबद्दल जे चांगलं तो इतकी वर्षं सांगत आला होता, ते मी पाच मिनिटांत काढून घेतलं. खरं बोललो की हलकं वाटतं असं लोक म्हणतात. मला तसं काही वाटलं नाही.

सुजाता दाराशी उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "काका, आबाला सांगून झालं. आता उद्या देवळापुढं सांगा. मला रोज येऊन ऐकवतात, तुझ्या आबानं खुशीनं माघार घेतली, तूच कामून अडून राहिली. आबा बी गप बसतात, कारण ह्यांना वाटतं की वाद नको."

"सांगितलं तर गावात वितुष्ट येईल," मी म्हणालो. हे वाक्य माझ्या तोंडून सवयीनं आलं.

"आमच्या बिलोलीकडं निवडणूक लागली की पंधरा दिस कल्ला असतो. माझा काका दोनदा पडला. ज्यानं पाडलं तो काकाच्याच पोरीच्या लग्नात पत्रावळ्या वाढायला होता. इथं मतदान न्हाई, म्हणून समदे खूश हायत असं कोण म्हणतं? विचारलं का कुणी?"

रशीदभाईंनी हे सगळं ऐकलं होतं की नाही कोण जाणे, पण ते म्हणाले, "सांगायचं, साहेब. मी बी हाय."

देवळापुढं

सकाळीच मांडव भरला. बाया एका बाजूला, पुरुष एका बाजूला. बुद्धवाड्यातली माणसं मागं नव्हती, मधे मिसळून बसली होती, हे नोंदवून ठेवतो. सटवाजी आला नव्हता. मला शाल घातली, नारळ दिला. टेबलावर ताटात साडी होती, मोरपंखी रंगाची.

मी उभा राहिलो. भाषण करायची सवय होती, पण हे भाषण नव्हतं. मी म्हणालो की सटवाजीनं खुशीनं माघार घेतली नव्हती. त्याचं आणि त्याच्या शेजाऱ्यांचं पाणी तोडलं, म्हणून घेतली. हौद गळत नव्हता. पाटलांनी टँकर एकीकडं आणायला सांगितलं आणि त्यासाठीचा खोटा बहाणा मी शोधला. बहाणा माझा होता, हुकूमही माझा होता. तेव्हा ही परंपरा मी सुरू केली हे खरं आहे, पण ती कशी सुरू झाली तेही ऐका.

माइकची शिट्टी वाजली. कुणी म्हणालं, "साहेबाचं वय झालंय." कुणी म्हणालं, "पाटील गेले, आता मेलेल्या माणसावर कशाला?" माधवरावाचा चेहरा उतरला होता. त्याला हे माहीत नव्हतं, हे मला दिसत होतं.

मग रशीदभाई उठले. माइक न घेता त्यांचा आवाज सगळीकडं गेला. "टँकर मी चालवत होतो. साहेब बोलले ते खरं हाय. आल्लाची शपथ."

बायांच्या घोळक्यातून एक म्हातारी उठली. पाटलांच्या भावकीतली, कमरेत वाकलेली. काठी मांडवाच्या बांबूवर आपटून म्हणाली, "म्हंजे हौद फुटला न्हवता?"

"नव्हता, बाई."

"मंग मला कामून उन्हात हुबी केली रं? म्या धाकटी सून व्हते. सासू म्हणायची, जा, त्यांना वाढ पानी, त्यांचा हौद फुटलाय. आठ दिस शेंदून शेंदून माझे हात सोलले. त्या बाया मला शिव्या घालायच्या, उंचावरून वतते म्हणून. मला सांगितलं व्हतं, घागरीला घागर लागू देऊ नगं. म्या काय माझ्या मनानं उंच धरत व्हते का?"

बुद्धवाड्यातली तिच्याच वयाची एक बाई बसल्या जागेवरून म्हणाली, "लई उंच धरायचीस तू, चंद्रभागे. निम्मं पानी माझ्या डोस्क्यावर."

"मंग तवाच बोलायचंस!"

"बोलले असते तर उरलेलं निम्मं बी दिलं असतंस का?"

आधी त्या दोघीच हसल्या, आणि मांडवात थोडं हसू पसरलं, ओशाळलेलं. पुरुषांच्या बाजूला मात्र बरेच जण खाली बघत होते.

माधवराव उठला. "झालं ते वाईट झालं," तो म्हणाला. "पण आज गाव गुण्यागोविंदानं हाय. सुजाताताई, तुमचा मान ठेवून विचारतो. गावासाठी माघार घ्या."

सुजाता जागेवरच उभी राहिली. "सरपंच, साडी कुणाला तरी द्या. तिला ब्लाऊज शिवायचा असला तर माझ्याकडं पाठवा, शिवून देईन. अर्ज राहू द्या. मला मत नको असलं तर नका देऊ. पण नको म्हणायचं ते पेटीत म्हणा, देवळात न्हाई."

एवढं बोलून ती बसली. टाळ्या वाजल्या नाहीत. माणसं दोघंतिघं करत उठून गेली. साडीचं ताट आत नेलं. निघताना माधवरावानं मला नमस्कार केला, पाया मात्र पडला नाही. आदल्या दिवशी पडला होता.

सटवाजीच्या घरी निरोप घ्यायला गेलो. दार उघडं होतं. तो खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडला होता. जागा होता. मी दारातूनच हात जोडले आणि निघालो.

लातूर

परतीची गाडी लातूरहून होती. शहरात चौकाचौकात रंगीत घागरींच्या रांगा होत्या. माणूस सावलीत आणि त्याच्या जागी त्याची घागर उन्हात उभी. प्रत्येकीवर नाव रंगवलेलं. आडनावावरून जात कळतेच, पण रांग आडनावाप्रमाणं नव्हती, आल्याप्रमाणं होती. एका चौकात पोलीस बंदोबस्त होता. रशीदभाईंनी तिथं चौकशी केली की मारामारी झाली का. शिपाई म्हणाला, "रोज होते. पुन्हा रोज रांग लागते."

रेल्वेनं आणलेलं पाणी बघायची माझी इच्छा होती. स्टेशनाबाहेरून लांबच लांब पांढऱ्या टाक्या दिसल्या. ते पाणी मिरजेहून, म्हणजे आमच्याच कृष्णेचं होतं. आमच्या गावात काही जण कुरकुरत होते की आमचं पाणी तिकडं का. मी घरी आल्यावर त्यांच्याशी वाद घातला. त्या वादात पूर्वी मी पडलो नसतो.

स्टेशनवर रशीदभाईंनी माझी पिशवी डब्यात ठेवली. "आता यायचं ते सत्काराशिवाय या," म्हणाले. "सुशीला खायला."

मतदान झाल्यानंतर दोन दिवसांनी सुजाताचा फोन आला.

"पडले, काका."

मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "रडायला फोन केला न्हाई. सगळे म्हणायचे, मतदान झालं की गाव फुटल. निकाल लागला, गुलाल उधळला, दुसऱ्या दिवशी टँकर आला अन् परत समद्यांचे पाइप गुंतले. जे माझ्या इरोधात होते तेच ब्लाऊज शिवायला टाकून गेले. मतं माझ्याकडं पाटलांच्या आळीतून बी पडली. कुणाची ते आता शोधून राहिले." ती हसली. "चंद्रभागाआजी म्हणते, माझं नाव घेऊ नगं."

"आबा आहेत का? बोलतील माझ्याशी?"

तिनं फोनवर हात ठेवला असावा. पलीकडं बोलणं झालं, मला शब्द कळले नाहीत. मग ती परत आली.

"न्हाई म्हणतात, काका. एवढंच सांग म्हणतात, इतक्या वर्षांनी ग्रामपंचायतीला मत टाकून आलो."

मी बरं म्हणालो. तिनं फोन ठेवला.